शंका आली तरी दाबा

मुगीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं घरात कोणी उरलं नव्हतं. लहानपणी पाहुणे आले की ती मूग गिळून बसायची, म्हणून आत्याने हे नाव ठेवलं आणि ते असं काही चिकटलं की सोय नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी ती डबा विसरून गेली तेव्हा दादाने थेट दवाखान्यात फोन लावून विचारलं होतं, "मुगी आहे का हो तिथे?" दवाखान्यातल्या लोकांनीही मग दुसरं नाव विचारण्याची तसदी घेतली नाही. मोठी झाली की बोलेल, असं आत्या म्हणायची. मुगीने तिशी ओलांडली, आत्या अजून वाट बघते आहे.

तसा दोष एकट्या मुगीचा नव्हता. घरात बोलायला जागाच कुठे होती! दादा सकाळी दात घासतानासुद्धा बोलायचा. वहिनीची तर गोष्टच सोडा. ती बोलायला लागली की मिक्सरने आपणहून गप्प बसावं. दोघांची एकमेकांवर माया होती, फक्त दोघांपैकी ऐकत कोण असतं हे कोडं मुगीला सुटलेलं नव्हतं. शेवटी ते काम तिच्याच वाट्याला आलं, आणि पुढे पोटापाण्याचा उद्योगही तोच झाला.

ती कानाच्या दवाखान्यात तपासणीचं काम करायची. भिंतींना आतून जाड स्पंज लावलेली एक छोटी खोली, तिला एक काच. काचेच्या आत पेशंट, कानावर हेडफोन आणि हातात बटण; काचेबाहेर मुगी. ती एकेक बारीक आवाज आत सोडायची, ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं, आणि कागदावर ठिपके पडत जायचे. एवढंच काम. पण माणसं बटण दाबायला घाबरतात. चुकलं तर काय, या भीतीने ऐकू आलेलंही गिळून टाकतात. म्हणून दार लावण्याआधी मुगी प्रत्येकाला सांगायची, "आवाज अगदी बारीक असेल. ऐकू आल्यासारखं वाटलं तरी दाबा. शंका आली तरी दाबा." दिवसभरात तिच्या तोंडून निघणाऱ्या शब्दांपैकी निम्मे तरी हेच असत.

बोलायचा एक प्रयत्न तिने केला होता, नाही असं नाही. ज्या अवाढव्य संकेतस्थळावर सगळं जग दिवसरात्र भांडत असतं, तिथे कुणीतरी कानात गरम तेल घालायचा उपाय दाखवला होता. मुगीने खाली सभ्यपणे लिहिलं, "असं करू नका, पडद्याला इजा होते." तासाभरात शेकडो माणसं तिच्या अंगावर धावून आली. कुणी तिची अक्कल काढली, कुणी तिच्या आजीची. कुणा एकाने तर तिला तेलाच्या धंद्याविरुद्धच्या कटातली हस्तक ठरवलं. मुगीने तिथून काढता पाय घेतला आणि कानाला खडा लावला. कानाचं काम करणाऱ्या बाईने कानाला खडा लावावा, यावर दादा आठवडाभर हसत होता.

मग घरचं वॉशिंग मशीन खडखडायला लागलं आणि त्या निमित्ताने मुगीला 'खडखड' सापडलं.

खडखड ही इंटरनेटच्या एका गल्लीतली छोटीशी जागा होती. तिथे लोक आपापल्या घरातले विचित्र आवाज रेकॉर्ड करून टाकायचे आणि बाकीचे ऐकून सांगायचे की काय बिघडलंय. पंखा, दाराची बिजागरी, नळ, पाण्याची मोटार, काहीही. बस्स, दुसरा विषय नाही. ना कुणी किती वेळा पाहिलं याचा आकडा, ना पसंतीचे अंगठे. ही जागा चालवणाऱ्याला सगळे 'कारभारी' म्हणायचे. त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं आणि खडखड ज्या कॉम्प्युटरवर चालायचं ते मशीन दुकानाच्या पोटमाळ्यावर, टायरच्या ढिगाशेजारी ठेवलेलं होतं. अशाच आणखी जागा होत्या: शाईच्या पेनांच्या वेड्यांची एक, गच्चीवर भाज्या लावणाऱ्यांची एक. प्रत्येकीचं मशीन वेगळं, घर वेगळं, नियम वेगळे. पण शेजार चांगला. एकीकडे लिहिलेलं दुसरीकडे पोचायचं. वर कोणी मालक नाही, जाहिराती नाहीत. कारभारीचं दुकान बंद झालं तर खडखड बंद, इतकं साधं प्रकरण.

मुगीने तिथे 'मूग' या नावाने खातं उघडलं आणि रोज रात्री जेवणं आटोपली की ती हेडफोन लावून बसू लागली. हळूहळू माणसं आवाजावरून ओळखीची झाली. शिवणकाम करणारी एक बाई होती, तिला सगळे शिवणबाई म्हणत. तिच्या मशीनला सतत काहीतरी व्हायचं आणि तिला सतत कुणाचातरी राग यायचा. पंखेकाका म्हणून एक गृहस्थ होते. पंखा नुसता ऐकून त्याचं बेअरिंग गेलंय की पातं वाकलंय ते सांगायचे, आणि नवख्यालाही "बाळा, आधी बटण बंद कर आणि मग हात लाव" असं प्रेमाने बजावायचे. हे सगळे जणू मुगीच्या रोजच्या बैठकीतले झाले. फक्त या बैठकीत मुगी बसलेली आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

तसं ती लिहायची. आवाज ऐकला की तिला बहुतेक वेळा कळायचं, आणि मग ती उत्तर लिहायला घ्यायची. लिहून झालं की खाली दोन बटणं यायची: 'पाठवा' आणि 'जपून ठेवा'. मुगी उत्तर पुन्हा वाचायची. हे तर कुणीही सांगेल, असं वाटायचं. किंवा, हे चुकीचं निघालं तर? मग ती 'जपून ठेवा' दाबायची आणि झोपायला जायची. उद्या सकाळी ताज्या डोळ्यांनी बघू, म्हणायची. ती उद्याची सकाळ काही उजाडली नाही. वर्षं गेली. अडकलेल्या नाण्यांवर, सैल झालेल्या पट्ट्यांवर तिने लिहिलेली उत्तरं तशीच जपून राहिली.

त्यांतलं एक उत्तर मात्र तिला अधूनमधून टोचायचं.

तीनेक वर्षांपूर्वी पंखेकाकांनी एक आवाज टाकला होता. त्यांनी स्वतःच्या घरातलं काही टाकण्याची ती पहिलीच वेळ. खाली लिहिलं होतं, "स्वयंपाकघरात काहीतरी निराळं वाजतंय. काय ते सांगा." मंडळी लगेच तुटून पडली. फ्रिज घरघरतोय, दाराचं रबर गेलंय, ताबडतोब बदला, असं एकमत झालं. मुगीने तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकला. फ्रिज होता, पण फ्रिज ठणठणीत होता. त्याच्या घरघरीमागे फळीवरून कप काढल्याचा आवाज होता. टक. मग दुसरा, टक. मग बराच वेळ काही नाही. आणि मग एक कप उचलून परत फळीवर ठेवलेला. त्यानंतर एकट्या माणसाची पावलं आणि नळ.

मुगीने लिहिलं होतं, "काका, फ्रिज ठीक आहे. तुम्ही दोन कप काढलेत आणि एक परत ठेवलात. जेवलात का?"

आणि वाचून तिलाच कसंसं झालं. परक्या माणसाच्या स्वयंपाकघरात डोकावायचं आणि वर जेवलात का म्हणून विचारायचं! तिने 'जपून ठेवा' दाबलं. दुसऱ्या दिवशी पंखेकाकांनी खाली लिहिलं, "बरं. रबर बघतो. आभारी आहे." विषय संपला.

तर असं सगळं गुपचूप, सुखाने चाललेलं असताना कारभारीने एक दिवस लिहिलं, "मंडळी, माळ्यावरचं मशीन म्हातारं झालंय. नवं आणायचं म्हणजे खटपट आहे आणि बोलणारे आपण सगळे मिळून एका बाकावर मावू एवढेच. मला वाटतं कुलूप लावावं. तुमचं काय म्हणणं?" शिवणबाईने रागावून लिहिलं की तुमची मर्जी. पंखेकाकांनी लिहिलं, "तुम्हाला त्रास होत असेल तर लावा हो." मुगीने ताबडतोब लिहिलं, "कुलूप लावू नका. मी रोज येते. मला दुसरीकडे कुठे जायचं नाही."

लिहून झालं. वाचून झालं. आणि हात इतका सरावलेला, की त्याने आपसूक 'जपून ठेवा' दाबलं.

पुढचे काही दिवस खडखड उघडलंच नाही. गेलं, म्हणून मुगीने मनाची समजूत घातली. त्या दिवसांत तिला जेवण गोड लागलं नाही, आणि का, हे घरात सांगणार तरी कुणाला? "माझे पंखेकाका गेले" म्हणावं तर वहिनीने सुतकच धरलं असतं.

मग एका सकाळी ती दवाखान्यात पोचली, पर्स ठेवली, सवयीने फोन उघडला, आणि खडखड सुरू! नवं मशीन, नवा रंग, आणि सगळ्यांत वर कारभारीचं निवेदन.

"मंडळी, माझ्याकडून फार मोठा गुन्हा झाला आहे. कुलूप लावायला म्हणून मशीन उघडलं, तर आत एका सभासदाच्या उत्तरांचा ढीग अडकलेला सापडला. मूग नावाच्या या बाई गेली कित्येक वर्षं आपल्याशी बोलतायत आणि माझं भिकारडं मशीन त्यांचं बोलणं गिळत बसलंय. शेवटचं वाक्य तर वाचवेना. कुलूप लावू नका म्हणतायत. कुणी ऐकत नाही असं वाटून या बाईंनी किती रात्री काढल्या असतील? मी त्याच दिवशी नवं मशीन आणलं. अडकलेलं सगळं जिथल्या तिथे पाठवलं आहे. मूग, तुमची मी हात जोडून माफी मागतो."

मुगीने घाईघाईने जुनी पानं उघडली.

सगळं पाठवलं गेलं होतं. जपून ठेवलेलं एकूण एक उत्तर, आपापल्या जुन्या प्रश्नाखाली जाऊन बसलेलं, आणि शेजारधर्माने पेनवाल्यांकडे आणि गच्चीवाल्यांकडेही पोचलेलं. वॉशिंग मशीनवाल्या एका गृहस्थाला तिने म्हटलं होतं, ड्रममध्ये नाणं अडकलंय, बाकी मशीन नवंकोरं आहे. त्याने खाली लिहिलं होतं, "बाई, ते मशीन मी कधीच भंगारात दिलं. आता भंगारवाल्याला शोधून सांगू का, की नाणं परत दे?" एका पेनवाल्याने लिहिलं होतं, "हे काय चाललंय ते कळत नाही, पण मी पहाटेपासून हेच वाचतोय." आणि शिवणबाई! तिच्या मशीनच्या एका जुन्या तक्रारीखाली मुगीने कधीकाळी वैतागून लिहिलं होतं, 'मशीन उत्तम आहे. बाईंच्याच पायाचा ताल चुकतोय.' शिवणबाईचं उत्तर ठळक अक्षरांत आलं होतं. "कोण ही मूग? समोर ये! माझा पाय काढते!"

आणि फ्रिजच्या आवाजाखाली, एवढ्या वर्षांनी, शांतपणे बसलेलं, 'जेवलात का?'

त्याखाली काही नव्हतं. पंखेकाका संध्याकाळच्या चहानंतर यायचे. अजून त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात कारभारीचा खासगी निरोप आला. "मूग, उत्साहाच्या भरात मी तुम्हाला न विचारता पाठवलं, हे माझं चुकलंच. काही जुनं आता नको वाटत असेल तर सांगा. संध्याकाळी मंडळी जमायच्या आत सगळं पुसून टाकतो. शेजाऱ्यांनाही विनंती करतो, भले लोक आहेत, पुसतील. तुम्ही फक्त हो म्हणा."

एका शब्दाचं काम होतं. हो. शिवणबाईने आणि दोघातिघांनी पाहिलं ते पाहिलं. पण पंखेकाकांच्या नजरेला ते पडलं नसतं, आणि मुगी पुन्हा आपल्या कोपऱ्यात जाऊन बसली असती. तिने 'हो' लिहिलंसुद्धा. पण मधेच तिला खुपलं ते वेगळंच. निवेदनाखाली लोक कारभारीला झोडपत होते. एवढी वर्षं लक्ष कसं नाही, एका बाईचं बोलणं गिळलं म्हणजे काय, वगैरे. तो बिचारा प्रत्येकाला "चुकलं, चुकलं" म्हणत होता. आणि मशीन तर मुळात निर्दोष. त्याने इमानेइतबारे, मुगीने सांगितलं तेच केलं होतं, जपून ठेवलं होतं.

"पेशंट आलेत," दाराशी मदतनीस बाई म्हणाल्या. मुगीने फोन पालथा ठेवला.

पेशंट म्हणजे एक आजी होत्या, सोबत सून. आजी टापटीप, सून घामाघूम.

"यांना काहीच ऐकू येत नाही हो," सून म्हणाली. "घरात ओरडून ओरडून माझा घसा गेला."

"सगळं ऐकू येतं मला," आजी मुगीच्या कानाशी पुटपुटल्या. "पण ही काय बोलते त्याला उत्तर काय द्यायचं?"

मुगीने हसू दाबलं, आजींना आत बसवलं, हेडफोन लावला, बटण हातात दिलं. "आवाज अगदी बारीक असेल, आजी. ऐकू आल्यासारखं वाटलं तरी दाबा. शंका आली तरी दाबा." दार लावलं.

पहिला आवाज सोडला. काचेतून मुगीला दिसलं, आजींची भुवई हलली. बटण दाबलं नाही. दुसरा सोडला. आजींनी मान किंचित तिरकी केली, अंगठा बटणावर आला आणि तिथेच थांबला. तिसऱ्या वेळीही तेच. कागदावरचे ठिपके खाली खाली जात होते. कागद म्हणत होता, या बाईला जवळजवळ काही ऐकू येत नाही. आणि काचेपलीकडची बाई प्रत्येक आवाज ऐकत होती.

मुगीने दार उघडलं. "आजी, तुम्हाला ऐकू येतंय ना?"

"येतंय असं वाटतं खरं," आजी म्हणाल्या. "पण खात्री नसताना उगाच कशाला दाबायचं? चुकलं म्हणजे?"

"चुकलं तर चुकलं. मी काही रागवणार नाही."

"नाही, पण तुम्ही म्हणाल, म्हातारी काहीही दाबते."

"आजी," मुगी म्हणाली, आणि तिचा आवाज जरा चढला, त्याचं तिलाच नवल वाटलं. "तुम्ही दाबलंच नाहीत, तर तुम्हाला ऐकू आलं हे मला कळणार कसं? मी बाहेर बसून समजणार, आत कोणी ऐकतच नाही!"

आजींनी तिच्याकडे बघितलं. मुगी मात्र आजींकडे बघत नव्हती. ती दाराच्या मुठीकडे बघत उभी होती, आणि स्वतःच्या तोंडून निघालेलं वाक्य तिला आता ऐकू येत होतं.

"बरं बरं," आजी म्हणाल्या. "एवढं चिडायला काय झालं? दाबते."

आणि मग आजींनी असा काही सपाटा लावला की कागदावरचे ठिपके सरसर वर आले. दोन-तीन वेळा तर मुगीने आवाज सोडलेलाही नव्हता आणि आजींनी दाबलं. मुगीने ते हसून सोडून दिलं. निकाल बघून सून चाट पडली. "म्हणजे यांना ऐकू येतं?" आजी शांतपणे साडी सावरत होत्या. पुढे त्या घरात काय झालं असेल ते त्या दोघीच जाणोत.

जेवणाच्या सुट्टीत मुगीने डबा न उघडता फोन उघडला. कारभारीच्या निरोपाखाली तिचं 'हो' न पाठवलेलं तसंच होतं. ते तिने खोडलं. मग ती सगळ्यांसमोरच्या पानावर गेली आणि लिहायला लागली.

"मी मूग. कारभारींना कुणी बोलू नका. त्यांच्या मशीनने काही गिळलेलं नाही. मीच पाठवलं नव्हतं. रोज लिहायचे आणि ठेवून द्यायचे. का, ते विचारू नका, मलाही धड सांगता येणार नाही. भीती वाटायची, एवढंच. कारभारी, काही पुसू नका. शिवणबाई, मी आगाऊपणा केला, माफ करा. पण एकदा स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका, डावा पाय अर्धा क्षण उशिरा येतो. पंखेकाका, तुमच्या घरात डोकावल्यासारखं झालं असेल तर मला खुशाल बोला. पण मला तेव्हा ऐकू आलं होतं. मी सांगायला हवं होतं."

लिहून झालं. तिने ते वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच ओळीवर तिला वाटलं, जरा लांबलंय, सकाळी बघू. बटणं दोन. अंगठा सवयीने उजवीकडे, 'जपून ठेवा'कडे सरकला. मुगीने स्वतःला, तोंडाने, चांगलं ऐकू जाईल असं म्हटलं, "शंका आली तरी दाबा." मदतनीस बाईंनी वळून पाहिलं.

तिने पाठवा दाबलं, फोन पर्समध्ये खोल टाकला आणि डबा उघडला. भूक कडकडून लागली होती. डबा चाटूनपुसून संपवला.

दुपारभर तिने फोनला हात लावला नाही. संध्याकाळी घरी आली तेव्हा वहिनी कुणाशीतरी फोनवर तावातावाने बोलत होती, दादा तिच्याशी तितक्याच तावातावाने बोलत होता. मुगी आपल्या खोलीत गेली, दार लोटलं आणि पलंगाच्या कडेवर बसून हळूच खडखड उघडलं.

पहिलं उत्तर कारभारीचं होतं. "म्हणजे माझं म्हातारं मशीन शहाणं होतं! 'जपून ठेवा' हे बटण कुणी दाबत असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आणि मी त्याला भिकारडं म्हणालो. माळ्यावर जाऊन त्याची माफी मागून आलो. मूग, एक विचारू? तुमच्यासारखे गुपचूप बसलेले आणखी किती असतील हो?" त्याखाली, ज्यांची नावं कधी कुणी ऐकली नव्हती असे तिघेजण एकेका शब्दात उगवले होते. "आहे." "मीपण." "नमस्कार."

शिवणबाईने एक आवाज टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, "रेकॉर्ड केला. ऐकला. डावा पाय उशिराच येतो. आता या वयात पाय बदलून मिळतात का? आणि मूग, पुन्हा काही दिसलं तर तेव्हाच सांगायचं. चार वर्षं मी त्या मशीनला शिव्या दिल्यात."

मुगी एवढ्या जोरात हसली की बाहेरचं बोलणं थांबलं. या घरात दोघांचं बोलणं एकाच वेळी थांबणं ही साधी गोष्ट नव्हती. वहिनीने दारातून डोकं आत घातलं. "मुगी, तू हसलीस?"

"हो," मुगी म्हणाली.

"कुणाशी बोलतेयस?"

"सांगते. थोड्या वेळाने सगळं सांगते, वहिनी."

वहिनी इतकी चकित झाली की काही न बोलता निघून गेली.

मुगीने खाली पाहिलं. पंखेकाकांचं उत्तर आलेलं होतं.

"मूग, रबर मी तो आवाज टाकण्याआधीच बदललं होतं. फ्रिजला काही झालं नाही हे मला माहीत होतं, मी इतका काही कच्चा नाही. हिला जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. दोन कप काढायची सवय जाता जात नव्हती. बायको गेली असं इथे लिहायचं कसं? इथे आपण आवाज टाकतो. म्हणून आवाज टाकला. सगळ्यांनी फ्रिज ऐकला. त्यांचा काय दोष, फ्रिजच मोठ्याने वाजत होता. मी कुणावर रागावलो नाही. पण बरेच दिवस संध्याकाळी येऊन बघायचो, कुणी ओळखलंय का. मग बघायचं सोडून दिलं. आज कळलं की त्याच रात्री ओळखलं होतं. तू विचारलंस त्याचं उत्तर राहिलंय. नाही. त्या दिवशी जेवलो नव्हतो."

मुगीला रडू फुटलं. एवढी वर्षं एक माणूस दाराशी उभा होता आणि दाराच्या आत आपण श्वास रोखून बसलो होतो, याचं तिला मनापासून वाईट वाटलं. ते वाईट वाटणं आता कुणाच्या कामाचं नव्हतं. बाहेर दादाने पुन्हा सुरुवात केली होती, वहिनी त्याला सांगत होती की मुगी हसली, आणि दादा म्हणत होता, शक्यच नाही.

तिने ओढणीने डोळे पुसले आणि लिहिलं, "आणि आज?"

पुन्हा वाचलं नाही. पाठवा दाबलं.